गुडघ्याची झीज आणि उपचारांचा क्रम

अस्थिसंधिवात हा सांध्यांचा सर्वाधिक आढळणारा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ५२.८ कोटी लोकांना तो होता. त्यांपैकी ३६.५ कोटी लोकांच्या गुडघ्यात तो होता आणि एकूण रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. भारतात पाच ठिकाणी झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण २८.७ टक्के निघाले. नांदेड-लातूरकडे ‘गुडघे धरलेत’, ‘टोंगळे दुखायलेत’ अशी तक्रार चाळिशी उलटलेल्या बाईच्या तोंडी सहज ऐकू येते. वय झाले की हे व्हायचेच, असे म्हणून ती तक्रार तितक्याच सहज सोडूनही दिली जाते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील या आजाराची विश्वसनीय माहिती पुणे जिल्ह्यातील भिगवण गावाने दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. हाडे, स्नायू किंवा सांधे दुखण्याची तक्रार १८.२ टक्के लोकांना होती. अस्थिसंधिवात ५.८ टक्क्यांना आढळला, तर आमवात जेमतेम ०.५ टक्क्यांना. भिगवणचा आकडा आणि २८.७ टक्के यांतील अंतर मोठे वाटते; पण कोणत्या वयाची माणसे तपासली आणि निदान कशावरून केले, यावर हे प्रमाण बरेच बदलते. गावपातळीवर सांधेदुखीच्या आजारांत अस्थिसंधिवात आमवाताच्या कितीतरी पट अधिक आहे, हा भिगवणचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी अशी तीन हाडे एकत्र येतात. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत, पांढुरके आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चेचा बराचसा भाग पाणी असतो. कोलॅजनच्या धाग्यांची जाळी आणि पाणी धरून ठेवणारे प्रथिन-शर्करायुक्त रेणू यांमुळे तिला दाब सोसता येतो. मांडी आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. सांध्याच्या पिशवीचे आतले अस्तर चिकटसर द्रव स्रवते. लोक ज्याला वंगण म्हणतात ते हेच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना तिच्यावर दाब येतो, उचलताना तो सुटतो आणि या चढउतारात सभोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून बेताची हालचाल कूर्चेला मारक नसून आवश्यक असते आणि दुखते म्हणून महिनोन्महिने बसून राहिल्याने गुडघा आणखी बिघडतो.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. ती झिजू लागते तेव्हा दुखत नाही. दुखणे पुढे येते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, अस्थिबंध आणि सभोवतालचे स्नायू यांतून. ‘गॅप कमी झाला’ एवढ्या तीन शब्दांत हा आजार मावत नाही. कूर्चेतील पेशी जेवढे बांधतात त्याहून अधिक, त्यांच्याच विकरांमुळे तुटू लागते. अस्तराला सौम्य सूज राहते. खालचे हाड घट्ट होते आणि कडांना हाडाची टोके फुटतात. मांडीचा पुढचा स्नायू बारीक होत जातो. एक्स-रे व वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही, त्याचे कारणही हेच आहे. चित्रात सांधा जवळजवळ मिटलेला असूनही रानात जाणाऱ्या बाया आहेत आणि चित्र बऱ्यापैकी असताना जिना न चढता येणारी माणसेही आहेत. उपचार फिल्म पाहून नव्हे, माणूस पाहून ठरवायचे असतात.

वय, स्त्री असणे, आनुवंशिकता, वजन, जुनी दुखापत आणि कामाची पद्धत ही या आजाराची मुख्य कारणे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये प्रमाण झपाट्याने वाढते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, पायऱ्या चढता-उतरताना तो आणखी वाढतो. वजन केवळ भारामुळेच अपाय करत नाही. चरबीच्या पेशी दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडतात. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांतही हा आजार अधिक आढळतो तो त्यामुळे, कारण बोटांवर कोणी चालत नाही.

मराठवाड्यात कामाच्या पद्धतीकडे जास्त बारकाईने पाहायला हवे. खुरपणी उकिडवे बसून होते. सोयाबीनची कापणी वाकून किंवा उकिडवे सरकत होते, हळदीची बेणी आणि कापसाची गाठोडी डोक्यावरून न्यावी लागतात. घरी आल्यावर चूल, भाकरी, भांडी, सारवण सगळे जमिनीलगत. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना वाटीच्या मागे आणि सांध्याच्या मागच्या भागावर दाब फार वाढतो. चीनमधील बीजिंग आणि अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील वृद्धांची तुलना झाली, तेव्हा बीजिंगच्या स्त्रिया अंगाने सडपातळ असूनही त्यांच्यात गुडघ्याचा अस्थिसंधिवात अधिक निघाला आणि तारुण्यात दिवसाचे अनेक तास उकिडवे बसण्याशी त्याचा संबंध दिसला. शेतमजूर बाईचे गुडघे जातात ते तिच्या वयाइतकेच तिच्या कामामुळे जातात. हा व्यवसायातून आलेला आजार आहे, पण कोणत्याही नोंदवहीत तो तसा लिहिला जात नाही.

दुखापतीचा परिणाम उशिरा दिसतो. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत अस्थिसंधिवाताची चिन्हे येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडून ज्यांच्या पायांची हाडे मोडली होती, त्यांच्यापैकी तेव्हाचे तरुण आज पन्नाशी-साठीत आहेत. अशा रुग्णाने गुडघा दाखवताना ती जुनी दुखापत आवर्जून सांगावी.

निदान बहुतेक वेळा तक्रार ऐकून आणि हाताने तपासून होते. वय ४५ च्या पुढे, काम केल्यावर वाढणारे व विसाव्याने कमी होणारे दुखणे आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणे, एवढ्यावर डॉक्टर अस्थिसंधिवात ओळखू शकतात. गुडघा हलवताना करकर वाजतो, हळूहळू पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. एक्स-रे काढायचाच तर उभे राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या चित्रात हाडांवर भार नसतो आणि सांध्यातले अंतर फसवे दिसते. झीज शून्य ते चार अशा श्रेणींत मोजण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ मधील पद्धत आजही वापरात आहे. एमआरआयची गरज क्वचितच पडते.

प्रत्येक गुडघेदुखी अस्थिसंधिवात नसते, हे मात्र तपासून घ्यावे लागते. सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहत असतील आणि दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजत असतील तर आमवाताची शंका घ्यावी. त्याची औषधे वेगळी आणि लवकर सुरू करण्याची असतात. चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे दुखतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते अनुभवले. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की पाठ, मान आणि सांधे आखडतात. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेल्या माणसाचे सांधे दुखत असतील, तर विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासून घ्यावे. आणि ताप येऊन एकच गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. तेथे वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. उपचारांचा हेतू वेदना कमी करणे, सांध्याचे काम टिकवणे आणि शस्त्रक्रिया टाळणे किंवा लांबवणे हा असतो. त्यासाठीचा क्रमही ठरलेला आहे: आधी व्यायाम, वजन आणि कामाच्या पद्धतीतील बदल, मग औषधे, शेवटी शस्त्रक्रिया. प्रत्यक्षात हा क्रम उलटा होतो. पहिल्या भेटीत गोळ्या, दुसऱ्या भेटीत गुडघ्यात सुई, तिसऱ्या भेटीत ऑपरेशनचा आकडा. व्यायाम कोणी करून दाखवतच नाही. रुग्णाचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते.

व्यायामाचे केंद्र मांडीचा पुढचा स्नायू. तो भक्कम असेल तर पाऊल टेकताना बसणारा धक्का तो स्वतःवर घेतो. सुरुवात पलंगावर किंवा सतरंजीवर पडूनही करता येते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, सोडायची. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ताठ ठेवत वीतभर उचलायचा व सावकाश खाली आणायचा. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा. पुढचा टप्पा म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे. रोजच्या जगण्याला सर्वांत उपयोगी तो हाच. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा, आणि जमेल तसा आकडा वाढवत न्यायचा. सोबत सपाट रस्त्यावर रोज चालणे. व्यायामाने थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले तर घाबरण्याचे कारण नाही. सूज आली किंवा दुखणे टिकून राहिले तर प्रमाण कमी करावे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात व्यायाम सोडणाऱ्यांना तो कधी भेटत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असे घरचे विचारतात. शेतकामात गुडघ्यावर भार येतो, पण मांडीच्या स्नायूला नेमकी ताकद मिळतेच असे नाही. म्हणून तिलाही हा व्यायाम लागतो.

वजनाचा हिशेब उत्साह देणारा आहे. स्थूल वृद्धांच्या अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो म्हणजे पावलागणिक वीस किलो. फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी करणाऱ्यांना गुडघ्याचा त्रासदायक अस्थिसंधिवात होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाचा गुडघेदुखी असलेल्या स्थूल रुग्णांवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि वेदनाही ठळकपणे कमी झाली. हे औषध महाग आहे आणि ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचे आहे. पण वजन आणि गुडघा यांचे नाते त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

कामाच्या पद्धतीतील बदल स्वस्त असतात. ओटा उंचावर घेणे, भांडी उभ्याने घासणे, खुरपताना बुटके स्टूल वापरणे, संडासात कमोड किंवा बिनचाकाची कमोडची खुर्ची ठेवणे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला, तसेच इतरत्र कीर्तनाला, पंगतीला किंवा नमाजाला ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी खुर्ची घेण्यात संकोच मानू नये. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा फायदा घालवतात. चप्पल मऊ तळव्याची, टाच सपाट असावी.

औषधांत पहिली पसंती डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक मलमाला असावी. त्वचेवर लावल्याने ते रक्तात थोडेच उतरते. गोळ्या त्याहून प्रभावी असल्या तरी त्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने मेडिकलच्या दुकानातून परस्पर त्या महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे, पण या दुखण्यावर त्याचा परिणाम थोडाच. कॅल्शियमच्या गोळ्यांनी कूर्चा भरून येत नाही. हाडे ठिसूळ होणे हा वेगळा आजार आहे. ग्लुकोसामीनची कीर्ती मोठी आहे, पण अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या २००६ च्या चाचणीत एकूण रुग्णांत ते साध्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

आयुर्वेदात हा आजार संधिगत वात म्हणून वर्णिलेला आहे आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असल्याने या भागात तो उपचार अनेक जण घेतात. डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई व गुग्गुळ यांच्या योगांची ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब या औषधांशी तुलना करणारी चाचणी ४४० रुग्णांवर केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. चोवीस आठवड्यांत वेदना कमी होण्याचे प्रमाण सर्व गटांत जवळपास सारखे निघाले. आयुर्वेदिक गटातील काहींच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढले, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. वनस्पतींची औषधेही वैद्याच्या देखरेखीखाली आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यावीत, हा या चाचणीचा धडा आहे. बाजारात बिननावाच्या पुड्यांतून मिळणारे चूर्ण मात्र घेऊच नये. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. एका दिवसात आराम पडतो आणि पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

सांध्यात देण्याच्या इंजेक्शनांबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. स्टेरॉइडचे इंजेक्शन सूज असताना काही आठवडे आराम देते. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिल्यास वेदनेत फरक पडत नाही आणि कूर्चा मात्र अधिक झिजते, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाअखेर फिजिओथेरपी घेतलेले रुग्ण इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. वंगण म्हणून विकल्या जाणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाचा फायदा नगण्य ठरला आहे. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट काढून देण्याचा उपचार २०२१ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत मिठाच्या पाण्यापेक्षा सरस निघाला नाही. हजारो रुपये घेऊन तो देणाऱ्यांनी हे रुग्णाला आधी सांगायला हवे. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याबाबतही तेच. अमेरिकेत ह्यूस्टन येथे काही रुग्णांच्या गुडघ्यावर नुसती चीर देऊन टाके घातले, तरी २००२ च्या निष्कर्षांत त्यांना खऱ्या शस्त्रक्रियेइतकाच आराम मिळाला होता. झिजेच्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असा सल्ला आज दिला जातो.

पाय धनुष्यासारखा वाकलेला, झीज फक्त आतल्या बाजूला आणि वय पन्नास-पंचावन्नच्या आत, अशा कष्टकरी माणसासाठी नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया विचारात घ्यावी. स्वतःचा सांधा टिकतो आणि शेतकामाला परत जाता येते.

सांधेरोपण हा शेवटचा आणि योग्य वेळी केला तर अतिशय उपकारक उपाय आहे. रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणे अवघड झाले आहे आणि काही महिने नीट केलेल्या व्यायाम-औषधांनी गुण नाही, ही ती वेळ. या शस्त्रक्रियेत हाडांच्या टोकांवरचे झिजलेले थर कापून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये टिकाऊ प्लास्टिकची गादी ठेवतात. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाच्या गुडघ्याचा आकार आणि दुमडण्याची गरज लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. तरीही दर पाच रुग्णांत साधारण एक जण समाधानी नसतो आणि एक-दोन टक्क्यांना जंतुसंसर्ग होतो. मधुमेह आधी आटोक्यात आणणे म्हणूनच आवश्यक आहे.

खर्चाचे ओझे आता काहीसे कमी झाले आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारांत गुडघारोपणाचा समावेश आहे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे अस्थिरोग विभाग आहेत. हैदराबाद, सोलापूर किंवा पुण्याला शस्त्रक्रिया करून येणाऱ्यांची फिजिओथेरपी गावी परतल्यावर बंद पडण्याचा धोका असतो. तिच्याशिवाय नवा गुडघा नीट वाकत नाही. म्हणून जवळचे रुग्णालय आधी पाहावे. शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला भेटावे, कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया योजनेतून होते ते विचारून घ्यावे आणि तारीख मिळेपर्यंत मांडीचा व्यायाम एक दिवसही चुकवू नये.